एक रेघ आणि आजची तारीख

फेगडे नानांनी कागदावर एकशेवीस-ऐंशी लिहिलं असेल, तर त्या माणसाचा रक्तदाब त्या घटकेला एकशेवीस-ऐंशीच होता, अशी शपथ मी आज कुठेही घेईन. आज. ज्या दिवशी ही शपथ घ्यायची गरज होती त्या दिवशी मी नेमकी उलटी घेतली, आणि तीसुद्धा लेखी. त्यामुळे नानांबद्दल चार चांगल्या गोष्टी सांगायला बसले तरी मान आधी खाली जाते. पण सांगायला हवं. इतकी वर्षं सांगितलं नाही, हाच तर सगळा घोळ आहे.

मी डॉक्टर नाही. मी आकडेवाली. संख्याशास्त्र शिकले आणि धुळ्याच्या एका संशोधन प्रकल्पात चिकटले. आमचे मुख्य डॉक्टर, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, त्यांना एक साधी गोष्ट तपासायची होती: खेड्यातल्या माणसांना मीठ कमी खायला सांगितलं तर त्यांचा रक्तदाब उतरतो का? निम्म्या गावांत जाऊन लोणची-पापडांवर भाषण द्यायचं, निम्म्या गावांत काहीच बोलायचं नाही, आणि दोन्हीकडे वर्षभर रक्तदाब मोजायचा. मोजायला चार माणसं नेमली होती. ती गावोगाव फिरून कागद भरणार, मी धुळ्याच्या खोलीत बसून ते कागद संगणकात घालणार आणि त्यातून खरं काय ते काढणार. पगार मला त्या 'खरं काय ते' काढण्याचा मिळत होता.

चौघांतले तिघे पंचविशीतले होते. चौथे नाना, वय साठच्या पुढे. वरणगावच्या कारखान्यात त्यांनी तीस-बत्तीस वर्षं मापं तपासली होती. वस्तू बनवणारे वेगळे, ती बरोबर बनली का हे पाहणारे वेगळे, आणि पाहणाऱ्यांची मापं बरोबर आहेत का हे पाहणारे नाना. निवृत्तीनंतर जळगावला पिंप्राळ्यात घर बांधलं, वर्षभर बागेला पाणी घातलं, कंटाळले, आणि परिचारिकांच्या एका वर्गात जाऊन रक्तदाब मोजायला शिकले. मुलाखतीत सरांनी विचारलं, "नाना, या वयात गावोगाव फिरणं जमेल का?" नाना म्हणाले, "फिरनं जमीन. तुमचं यंत्र बरोबर हाये का, ते सांगा पयले."

बरोबर होतं की नाही ते कोणालाच माहीत नव्हतं. नवंकोरं आणलं होतं, म्हणजे बरोबरच असणार. नानांनी ते उचललं, सरकारी दवाखान्यात गेले, तिथल्या ओळखीच्या सिस्टरांकडचं जुनं पाऱ्याचं यंत्र मागून घेतलं, दोन्ही एका नळीला जोडली आणि काटा आणि पारा बरोबर चालतात का ते पाहिलं. आमचा काटा चार घरं कमी दाखवत होता. नानांनी ते यंत्र परत पाठवायला लावलं आणि नवं आलं त्याचीही तीच वरात काढली. पुढे दर सोमवारी ते हे करत. खेड्यावर जायच्या आधी बॅग घेऊन दवाखान्यात, आणि तिथून ऑफिसात येऊन एकच वाक्य, "मास्टरशी जुळवून आलो." मास्टर म्हणजे ते पाऱ्याचं यंत्र, शब्द कारखान्यातला. आम्ही तिघं-चौघं मागे हसायचो. देवरे म्हणायचा, "नाना यंत्राला देवदर्शनाला नेऊन आणतात."

देवरे हा चौघांतला सगळ्यात चलाख. दिवसाला पंचवीस घरं करायचा. नाना आठ, फार तर नऊ.

नाना मागे पडायचे त्याला कारण होतं. ते घरात शिरले की आधी विचारणार, चहा झाला का, तंबाखू-मिश्री झाली का, शेतातून आत्ताच आलात का. यातलं एक जरी 'हो' आलं तर अर्धा तास थांबणार. मग माणसाला पाठ टेकून बसवणार, पाय जमिनीला, पायावर पाय नाही. मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवणार आणि म्हणणार, "आता पाच मिन्टं गप." ही पाच मिनिटं खरोखर पाच असायची. घरातल्या बायकांना हसू आवरायचं नाही. एखादी म्हातारी पदर तोंडाला लावून मध्येच विचारायची, "नाना, आते बोलू का?" नाना मान वर न करता फक्त बोट उचलायचे. तेवढं बोट पुरे व्हायचं. मी एकदा त्यांच्याबरोबर शिरपूरकडच्या गावात गेले होते, तेव्हा त्या पाच मिनिटांत अख्खी ओसरी गप्प बसलेली मी पाहिली आहे. कुत्रंसुद्धा बसलं होतं.

त्यांच्या पिशवीत तीन पट्टे असायचे. बाकीच्यांकडे एकच. "शेतमजूर बाईचा दंड अन् सरपंचाचा दंड एक असतो का?" बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला की आकडा खोटाच कमी येतो, आणि जाड्या दंडाला लहान बांधला की खोटाच जास्त. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. नानांना ते आपल्या पिशवीच्या वजनावरून ठाऊक होतं.

आणखी एक. कुठल्या गावात मीठ कमी करायला सांगितलंय हे त्यांना कळून घ्यायचं नव्हतं. "मले सांगू नका ताई. कळलं तं मायाच कान त्या बाजूनं ऐकतीन." मी त्यांना वयाने मुलीसारखी, पण त्यांनी मला कायम ताईच म्हटलं. लोक मात्र कशाला गप्प बसतात! एका घरी बाई उत्साहाने सांगायला लागली, "नाना, आम्ही मीठ कमी करी टाकं बरं का, पापड-बिबडासमा बी नही टाकत." नानांनी मोठ्यांदा खोकायला सुरुवात केली. ती बोलत राहिली, हे खोकत राहिले. शेवटी तिने घाबरून पाणी आणलं. परत येताना एसटीत मी पोट धरून हसले. नाना मात्र गंभीर. त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'बाईने बोलून टाकले. मी ऐकले.' आणि खाली सही.

ही सहीची सवय त्यांची कारखान्यातली. पहिल्याच आठवड्यात मी एका कागदावर चुकलेल्या वयावर पांढरा रंग लावत होते. नाना समोर उभे होते. त्यांनी हात पुढे केला, ती पांढरी बाटली माझ्या हातातून घेतली आणि टोपण लावून खिडकीत ठेवली. "खोडायचं नाई. झाकायचं नाई. चुकीवर एक रेघ मारायची, पन अशी की खालचं वाचता आलं पाह्यजे. बाजूले खरं लिवायचं. सही. अन् तारीख." मी म्हटलं, "नाना, नुसतं वय आहे हो." ते म्हणाले, "आज वय हाये." बाटली पुढे महिनाभर खिडकीतच होती. ती मी तिथून उचलली नाही, कारण ते सोमवारी येऊन ती तिथेच आहे का हे बघायचे.

आमच्या ऑफिसात भिंतीवर एक घड्याळ होतं, कायम सात मिनिटं पुढे. सगळ्यांना माहीत होतं, सगळे मनातल्या मनात सात वजा करायचे. एकदा मी नव्या लोकांना मापनाबद्दल शिकवत होते. अचूकपणा वेगळा, सातत्य वेगळं, असं काहीतरी फळ्यावर. कोणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. मागे बसलेले नाना म्हणाले, "ताई, ते घड्याळ पाहा ना. ते चुकतं, पन रोज तेवढंच चुकतं. त्याले सुधारता येतं. मायं जुनं घड्याळ कधी पुढं, कधी मागं. ते सुधारता येत नाई. अन् तिसरं असतं बंद पडेल. त्याच्यात काईच फरक पडत नाई. दिसाले सगळ्यात नेमाचं तेच." सगळ्यांना एका झटक्यात कळलं. आजही मी प्रशिक्षणं घेते आणि आजही हेच घड्याळ सांगते. लोक हसतात, वहीत उतरवून घेतात, नंतर येऊन म्हणतात, मॅडम काय छान उदाहरण दिलंत. मी 'थँक यू' म्हणते. उदाहरण कोणाचं ते कधी सांगितलेलं नाही.

आता ती गोष्ट.

सहा महिने झाले आणि पुण्याहून पाहणीला माणसं येणार असं ठरलं. सरांनी मला सांगितलं, चौघांची वाचनं वेगवेगळी काढून ठेव, कोण कसं मोजतंय ते दिसू दे. मी चार आलेख काढले. देवरे आणि दुसरे दोघे यांच्या आकड्यांचे ढीग छान आटोपशीर, मध्यभागी गोळा झालेले. नानांचा ढीग इकडून तिकडे पसरलेला. कुठे शंभर, कुठे एकशे चौसष्ट, मध्ये एकशे अठरा, एकशे छत्तीस. पसारा नुसता. मी ते पाहून सरांना म्हटलं, "सर, नानांच्या मापनात सातत्य दिसत नाही."

हे वाक्य मी म्हटलं. कोणी मला म्हणायला लावलं नव्हतं.

माणसं एकमेकांपासून वेगळी असतात. एकाचा दाब शंभर, दुसरीचा एकशे चौसष्ट. हा फरक मोजणाऱ्याने घातलेला नसतो, तो माणसांत असतो. मोजणाऱ्याचं सातत्य बघायचं तर एकाच माणसाची त्याने घेतलेली तीन वाचनं एकमेकांशेजारी ठेवून बघायची. नाना प्रत्येकाची तीन वाचनं घेऊन लिहायचे, ती कागदावर समोर होती. हे सगळं पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. मी त्यात पहिली आले होते.

सर म्हणाले, "वय झालंय. कान गेले असतील." रक्तदाब कानाने मोजतात, नळीतून ठोका ऐकू यायला लागला की वरचा आकडा, थांबला की खालचा. कान गेला की सगळं गेलं. सरांनी ते सहज म्हटलं, पण ऑफिस लहान. दोन दिवसांत ते नानांपर्यंत पोचलं. पुढच्या सोमवारी ते आले, यंत्र मास्टरशी जुळवलं की नाही ते न सांगता माझ्या टेबलावर एक पाकीट ठेवलं. "ताई, कानाचं माप आनलं. जळगावले करून घेतलं." मी म्हटलं, "फाईलला लावते." आणि खणात ठेवलं. उघडलं नाही. पुण्याची माणसं येणार होती, मला तक्ते संपवायचे होते. कारण सांगायला गेलं की किती फालतू दिसतं.

त्याच आठवड्यात सुकीबाईचा आकडा आला. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची बाई, चाळीसही नसेल. नानांनी फोनवर सांगितलं, दोनशे चार वर, एकशे अठरा खाली. माझ्या आटोपशीर ढिगांच्या जगात हा आकडा कुठेच बसणारा नव्हता.

"नाना, हा आकडा बसत नाही."

"कशात बसत नाई?"

"बाकीच्यांत."

"ताई, ती बाई बाकीच्यांतली नाई."

मी जरा चढ्या आवाजात म्हटलं, "परत मोजा. नाहीतर मला तो वगळावा लागेल." पलीकडून एसटीचा खडखडाट येत होता. नाना म्हणाले, "तीनदा मोजला. दोन्ही दंडाले. तुमी कागदातून वगळा, ती इथं एसटीत माया शेजारी बसेल हाये. दवाखान्यात नेऊ राह्यलो." त्यांच्यामागून एक बारीक आवाज आला, "माले काहीच नही व्हयेल. डोकं दुखस, बस." फोन कट झाला.

दवाखान्याने तिला ठेवून घेतलं, औषध सुरू केलं. नानांनी दोन दिवसांनी तिची चिठ्ठी आणून दिली. तिथल्या डॉक्टरांनी मोजलेला आकडा नानांच्या आकड्याच्या जवळपासच होता. चिठ्ठी मी पाहिली. पाहून फाईलला लावली. आणि त्याच दुपारी नानांना सेवेतून कमी करायचं पत्र टाइप केलं, कारण सरांनी ते आदल्या दिवशीच सांगितलं होतं आणि आता थांबवायचं तर मला त्यांच्या खोलीत जाऊन 'सर, माझं चुकतंय बहुधा' असं म्हणावं लागलं असतं. खोली दहा पावलांवर होती.

'आपल्या मापनात सातत्य आढळत नसल्याने व नोंदी विश्वासार्ह नसल्याने आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे.' मसुदा माझा. 'विश्वासार्ह' हा शब्द मी नंतर घातला, वाक्य लहान वाटत होतं म्हणून. सरांनी बाहेरगावी जाताना सांगितलं, तूच सही करून टाक. केली.

नानांनी पत्र उभ्याउभ्या वाचलं. मला वाटलं होतं, भांडतील. त्यांनी विचारलं, "हे कोनी मोजलं?" मी म्हटलं, "मी. आलेखावरून." त्यांनी पिशवीतून तिन्ही पट्टे काढून टेबलावर ओळीने ठेवले, यंत्र ठेवलं, पोच घेतली. दारातून म्हणाले, "सोमवारी कोनीतरी मास्टरशी जुळवून आनत जा." मग कोणीच आणलं नाही.

इथवर चूक होती. चूक माणसाकडून होते, तिला निदान चूक म्हणता येतं. पुढच्या महिन्यात जे झालं त्याला मला तेही नाव देता येत नाही.

अहवाल पुण्याला गेल्यावर एका मोकळ्या दुपारी मी सहज प्रत्येकाच्या आकड्यांचा शेवटचा अंक मोजला. काट्याच्या यंत्रावर दोन-दोनच्या खुणा असतात. खरं मोजणाऱ्याचे आकडे शून्य, दोन, चार, सहा, आठ असे सगळीकडे सारखे पडायला हवेत. नानांचे तसेच पडले होते. इतर दोघांचे बहुतेक शून्याकडे झुकलेले. देवरेचे शून्य, शून्य, शून्य. एकशेवीस-ऐंशी, एकशेतीस-ऐंशी, एकशेवीस-ऐंशी. पानंच्या पानं. मी त्याला विचारलं. तो चांगला, हसरा मुलगा होता, हसतच म्हणाला, "मॅडम, पंचवीस घरं करायची तर पट्टा कोण बांधत बसणार? एकशेवीस-ऐंशी लिहिलं की कोणी काही विचारत नाही." खरं होतं. मी विचारलं नव्हतं. मी विचारलं होतं ते फक्त पट्टा बांधणाऱ्याला.

म्हणजे नानांनी सांगितलेल्या त्या तिसऱ्या, बंद पडलेल्या घड्याळाला मी सातत्याचं बक्षीस दिलं होतं.

मी तो तक्ता छापला, दोनदा सरांच्या दाराशी गेले आणि परत आले. अहवाल गेला होता. माझी नेमणूक वाढवायचा कागद सरांच्या सहीला होता. मी स्वतःला म्हटलं, प्रकल्प संपल्यावर बघू. प्रकल्प संपला. मला दुसरीकडे चांगली जागा मिळाली. धुळ्याची खोली रिकामी करताना खणातलं सगळं मी एका फोल्डरमध्ये भरून घरी नेलं: तो तक्ता, पत्राची प्रत, आणि न उघडलेलं पाकीट. तीन-चार वर्षांनी एकदा पाकीट उघडलं. नानांचे दोन्ही कान उत्तम होते. वयाच्या मानाने नव्हे, नुसतेच उत्तम.

सात वर्षं गेली. या वर्षी जळगावला परिचारिकांचं एक प्रशिक्षण घ्यायला गेले होते. सराव म्हणून कागद भरायला दिले. एका सिस्टरचं वजनाच्या रकान्यात चुकलं. तिने चुकीवर एकच बारीक रेघ मारली, बाजूला बरोबर आकडा लिहिला, सही केली, तारीख टाकली. मी तो कागद उचलून हातात घेतला. विचारलं, हे कुठे शिकलात? म्हणाली, "आमच्या पिंप्राळ्यात फेगडे नाना आहेत ना, त्यांनी शिकवलं. रविवारी ओट्यावर बीपी मोजतात. फुकट. पण फार वेळ बसवतात हो."

पुढच्या रविवारी मी घरून फोल्डर घेऊन गेले. रिक्षावाल्याला नाना म्हटल्याबरोबर घर माहीत. कॉलनीतलं साधं घर, पुढे ओटा, ओट्यावर चार खुर्च्या, चारही भरलेल्या, आणि कोणी एक शब्द बोलत नव्हतं. भर सकाळी, रविवारी, चार शेजारी एका ओट्यावर गप्प! मी फाटकातच हसले आणि लगेच ते हसू कुठे ठेवावं कळेना.

नाना वाळले होते. केस पूर्ण पांढरे. त्यांनी मला ओळखलं, एवढंच दिसलं, राग वगैरे काही दिसलं नाही. एक खुर्ची रिकामी झाली तशी म्हणाले, "या ताई. बसा."

"नाना, मी मोजायला नाही आले. मला—"

"बोलू नका. बोलल्यानं वाढतं. चहा झाला?"

"नाही."

"पाय खाली. पाठ टेकवा. पाच मिन्टं."

मी आयुष्यात इतकी लांब पाच मिनिटं बसलेले नाही. फोल्डर मांडीवर होतं, तेही त्यांनी उचलून बाजूला ठेवलं. मग माझा दंड पाहून पिशवीतला मधला पट्टा निवडला आणि तीनदा मोजलं. एकशे बावन्न. एकशे चव्वेचाळीस. एकशे बेचाळीस. वहीत तिन्ही लिहिले. "पयलं जास्तच येतं," ते म्हणाले. "मोजनीत धरत नाई. पन लिवून ठेवतो."

नानी पाणी घेऊन आल्या. मी कोण ते नानांनी त्यांना सांगितलं, धुळ्याच्या ताई, इतकंच. नानींनी पेला माझ्या हातात दिला आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "तुमीच का त्या? तुमचं पत्र आलं तवापासून वरीसभर हे घड्याळाले कान लावून बसत व्हते. मले इचारायचे, तुले टिकटिक कुठूनलोक ऐकू येते? मी दारातून सांगे, अठीलोक. मंग हे दाराच्या मांगं जाऊन उभे राहत. डॉक्टरचा कागद व्हता, तरी."

"जाऊ दे गं," नाना म्हणाले.

पेला मी तसाच खाली ठेवला. मला वाटत होतं मी त्यांची नोकरी घेतली. नोकरीचं त्यांना फारसं काही नव्हतं, निवृत्तिवेतन होतं. मी त्या माणसाला त्याच्याच कानांवर संशय घ्यायला लावला होता, ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची मापं खरी करून दिली. आणि तो संशय शेवटच्या अंकांच्या एका तक्त्याने महिन्याभरात काढता आला असता. तो तक्ता माझ्या घरी कपाटात होता.

मी फोल्डर उघडलं आणि सगळं सांगितलं. शेवटच्या अंकांचा तक्ता, देवरेची शून्यं, दहा पावलांवरची खोली. रडायचं नाही असं ठरवलं होतं, तेवढं पाळलं. नानांनी तक्ता बराच वेळ पाहिला. आपल्या रांगेवर बोट फिरवलं, शून्य, दोन, चार, सहा, आठ. "बरोबर पडले," म्हणाले. मग विचारलं, "सुकीबाई?" मी म्हटलं, दवाखान्यात नंतर औषध चालू होतं एवढं ठाऊक आहे. पुढचं मी विचारलं नाही. "मी जातो वर्षातून एकदा," नाना म्हणाले. "गोळ्या घेते. नातू झाला."

मी पत्राची प्रत पुढे केली. म्हटलं, "नाना, मी हे फाडते. नवं लिहून देते."

त्यांनी प्रत माझ्याकडून काढूनच घेतली. "फाडायचं नाई." वही खाली धरली, त्यावर पत्र ठेवलं, खिशातलं पेन माझ्या हातात दिलं. "एक रेघ. खालचं वाचता आलं पाह्यजे."

मी 'सातत्य आढळत नसल्याने'पासून 'विश्वासार्ह नसल्याने'पर्यंत एक रेघ मारली. रेघ वाकडी आली. वर लिहिलं: 'मापन बरोबर होते. चूक विश्लेषणात होती.'

नाना चष्म्यातून वाचत होते. "कोनाच्या?"

मी 'विश्लेषणात'च्या आधी 'माझ्या' घातलं. मग, त्यांनी न विचारता, खाली आणखी एक ओळ लिहिली: 'हे मला महिन्याभरात कळले होते.' सही केली. तारखेशी पेन थांबलं. पत्राच्या वरच्या कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख होती, आणि खरं सांगते, क्षणभर माझ्या मनात आलं की तिच्या जवळपासची टाकावी. बघणाऱ्याला वाटावं, बाई लवकर शुद्धीवर आली.

"आजची टाका," नाना म्हणाले. "त्या येळची टाकली तं ती दुसरी चूक व्हईन."

मी आजची टाकली. वर एक तारीख, खाली एक, मध्ये सात वर्षं, आणि ती कोणालाही मोजता येतील अशी. नानांनी शाई वाळू दिली, कागदाची घडी घातली आणि वहीत ठेवली. पाकिटातला कानाचा कागद मात्र मला परत दिला. "हा तुमच्या फाईलचा हाये. लावते म्हनल्या व्हत्या."

मला माफी मागायची होती. शब्द जुळवत होते तोवर ते पुढच्या माणसाकडे वळलेसुद्धा. "तुमी बसा. तंबाखू झाली का? नाई ना? मंग पाच मिन्टं." घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. मी उठले, नानींना नमस्कार केला, चपला घातल्या, अंगण ओलांडून फाटकाशी आले. तिथून वळून पाहिलं. नाना मान खाली घालून घड्याळाकडे पाहत होते. मी म्हटलं, "चुकलं माझं, नाना." इतकं हळू, की माझं मलाच धड ऐकू आलं नाही.

ओट्यावरून, मान वर न करता, नानांनी बोट उचललं. पाच मिनिटं चालू होती.